जिथे हात लागतो, तिथे रंग जातो : प्लॅस्टिकची मासेमारी बोट बांधताना

 

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांच्या लक्षात आलं असेल, की मागून मध्येमध्ये कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज येतोय. एडिट करताना काढणार होतो, पण राहू दिला. ते आमचे आबा. हा भाग शिरपूरला घरूनच रेकॉर्ड केलाय आणि खरं सांगायचं तर हा भाग त्यांच्यामुळेच झाला. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलण्यातली "म्हणजे"ची संख्या थोडी कमी केली आहे, बाकी जवळपास तसंच.

विषय आहे प्लॅस्टिकची मॉडेल किट. म्हणजे डब्यात सुटे भाग येतात, ते कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे. लोक बहुतेक विमानं आणि रणगाडे बांधतात. मी या वेळी मासेमारीची बोट बांधली. रेव्हेल या जर्मन कंपनीचा उत्तर समुद्रातला ट्रॉलर, स्केल १:१४२.

आता पहिला प्रश्न. शिरपूरचा माणूस आणि ट्रॉलर? आमच्याकडे समुद्राचा संबंध आठवडे बाजारातल्या सुक्या बोंबलापुरता. पण तापी आहे ना! सावळद्याच्या पुलावरून खाली पाहिलं तर आजही होड्या दिसतात. आबांची अशीच एक लाकडी होडी होती. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला मोठा पूर आला. उकाई धरणातून पाणी सोडल्यावर तिकडे खाली सुरत शहर बुडालं, तोच पूर. त्यात ती होडी गेली. मी तेव्हा नऊ वर्षांचा. तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही. ती कशी होती हे आता फक्त आबांना आठवतं आणि आबांनाही हल्ली थोडं थोडं विसरायला होतं.

मला ती होडी परत बांधायची आहे, छोटी. पण तिचं किट कुठे मिळणार? ती प्लॅस्टिकच्या कोऱ्या शीटमधून स्वतःच बनवावी लागेल. त्याआधी हात बसायला हवा म्हणून हा ट्रॉलर. शिकाऊ प्रोजेक्ट म्हणा.

स्केल म्हणजे नक्की काय?

१:१४२ म्हणजे खरी बोट १४२ पट मोठी. सोपं वाटतं, पण किटवरची बारीक कामं इथेच फसतात. म्हणून मी सुरुवातीलाच एक छोटी यादी करून भिंतीवर चिकटवली. पावणेसहा फुटांपेक्षा थोडा कमी, म्हणजे १.७ मीटर उंचीचा माणूस इथे १२ मिलिमीटरचा होतो. डेकच्या कडेचा एक मीटर उंच कठडा ७ मिलिमीटरचा. कठड्याचा ४० मिलिमीटर जाडीचा पाइप ०.२८ मिलिमीटरचा. आणि अंगठ्याएवढा जाड, २८ मिलिमीटरचा दोर होतो फक्त ०.२ मिलिमीटर.

हे कशासाठी? घरातला शिवणाचा जाड दोरा तुम्ही बोटीवर दोर म्हणून लावलात, तर स्केलप्रमाणे तो तुमच्या मनगटाएवढा जाड दिसू शकतो. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण "खेळण्यातली वाटते" असं तो लगेच म्हणतो.

आणि १:१४२ असा विचित्र आकडा का, तर जहाजांच्या किटमध्ये असे आकडे बरेच सापडतात. सुरुवातीच्या काळात कंपन्या आधी डब्याचा आकार ठरवायच्या आणि त्यात बसेल एवढं मॉडेल करायच्या. रेव्हेलचं १९५३ सालचं गाजलेलं युद्धनौका मिसुरीचं किट १:५३५ होतं. याला बॉक्स स्केल म्हणतात. आजच्या नव्या किटमध्ये १:३५०, १:७०० असे ठरलेले आकडे जास्त दिसतात.

गोंद नाही, वेल्डिंग

किटचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात. ते साच्यात गरम प्लॅस्टिक दाबून बनवतात आणि एका चौकटीला जोडलेले येतात. त्या चौकटीला स्प्रू म्हणतात. भागांवर साच्यातलं तेलकट काहीतरी राहिलेलं असतं, म्हणून आधी भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात बुडवून, मऊ ब्रशने धुऊन वाळवायचे. हे टाळलं की पुढे रंग सालीसारखा निघतो. भाग हाताने मोडून काढू नका. बारीक कटरने थोडं लांबून कापायचं आणि उरलेला खुंट ब्लेडने तासायचा.

आता चिकटवणं. आपल्याकडे पहिला हात फेव्हिक्विककडे जातो. ते चालतं, पण ते दोन पृष्ठभागांच्या मध्ये थर होऊन बसतं आणि झटका बसला की तटकन सुटतं. शिवाय पारदर्शक खिडक्यांजवळ वापरलं तर वाफेने काच पांढरी पडते. मॉडेलचा पातळ सिमेंट वेगळा असतो. उदाहरणार्थ टामियाचा हिरव्या झाकणाचा. तो प्लॅस्टिक विरघळवतो. दोन्ही कडा एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला की एकच तुकडा होतो. म्हणजे हे वेल्डिंगच झालं. त्यात अ‍ॅसिटोन आणि ब्युटिल अ‍ॅसिटेट असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवायची आणि जवळ मेणबत्ती किंवा उदबत्ती नको.

पद्धत अशी. बोटीच्या अंगाचे दोन भाग, डावा आणि उजवा, आधी कोरडेच जुळवून रबरबँडने बांधायचे. मग ब्रशचं टोक फक्त फटीला टेकवायचं. सिमेंट आपोआप फटीत धावतो, वातीत तेल चढतं तसा. वरून थापायचा नाही. मी पहिल्याच दिवशी नेमकं बोट फटीवर ठेवलं, सिमेंट बोटाखाली शिरला आणि माझा अंगठा बोटीच्या पोटावर कायमचा उमटला. आधारसाठी दिला तेव्हा मशीनवर नीट उमटत नव्हता, इथे मात्र एका फटक्यात! घाईने पुसू नका, अजून पसरतं. एक दिवस वाळू द्या आणि मग घासा. पॉलिश पेपर ४०० नंबर, मग ६००, मग १०००, सगळे पाण्यात भिजवून.

माझ्या किटमध्ये अंगाचा एक भाग किंचित वाकलेला होता. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंश सेल्सिअसला मऊ पडतं, पण पातळ भाग त्याच्या बऱ्याच आधी वळायला लागतो. नळाच्या गिझरच्या गरम पाण्यात मिनिटभर धरायचा, हाताने सरळ करायचा आणि गार पाण्यात घालायचा. उकळतं पाणी नको, बोटही भाजेल आणि बोटीची पुरणपोळीही होईल.

शिरपूरचा उन्हाळा आणि रंग

मे महिन्यात आमच्याकडे चाळिशीच्या वर पारा. अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशवरून प्लॅस्टिकवर पोचायच्या आत वाळतो. उपाय तीन. एक, रंगकाम सकाळी सातच्या आत. दोन, पंखा बंद. हो, घाम येतो. तीन, स्टीलच्या पसरट डब्यात ओला टिश्यू अंथरून वर बटर पेपर ठेवायचा आणि रंग त्यावर घ्यायचा. खालून ओल मिळत राहते आणि झाकण लावलं की रंग दुसऱ्या दिवशीही चालतो. एक जाड थर देण्यापेक्षा तीन पातळ थर द्या. पहिला थर भिकार दिसतो, घाबरू नका.

पाण्याखालचा भाग तांबडा आणि वरचा वेगळा, ही रेषा अगदी सरळ हवी. बोट गोलाकार असल्यामुळे पट्टी चालत नाही. बोट सपाट टेबलावर मातीच्या गोळ्यांवर नीट समतोल बसवायची. पुस्तकांच्या गठ्ठ्यावर पेन्सिल आडवी चिकटवायची, टोक बाहेर. मग गठ्ठा बोटीभोवती सरकवत न्यायचा. टोक सगळीकडे एकाच उंचीवर टेकतं आणि रेषा आपोआप येते. माझी बीटेकची इंजिनीअरिंग ड्रॉइंगची वही या गठ्ठ्यात सगळ्यात खाली होती. कुठेतरी उपयोग झाला.

बारीक कामाचा बाजार

मॉडेलचं सामान ऑनलाइन मागवता येतं, पण महाग पडतं आणि यायला आठवडा लागतो. बरंचसं शिरपूरच्या बाजारात मिळतं, फक्त दुकानदार "कशासाठी पाहिजे?" विचारतो तेव्हा उत्तर तयार ठेवा.

कठड्यासाठी इलेक्ट्रिकच्या दुकानातली तांब्याची बारीक तारांची वायर. सोलली की आत केसासारख्या तारा निघतात. दोन-तीन तारा पिळल्या की पोलादी दोर झाला.

अँटेनासाठी स्प्रूचाच तुकडा. मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नाही, फिरवत धरायचा. चमकायला लागला की बाजूला घेऊन हळूच ताणायचा. केसाएवढा धागा निघतो. हे सिमेंटची बाटली बंद करून, दूर ठेवून मगच.

जाळ्यासाठी ड्रेस मटेरियलच्या दुकानातलं नेटचं कापड. १०० मिलिमीटरच्या जाळीचा डोळा या स्केलला ०.७ मिलिमीटर होतो, म्हणून सगळ्यात बारीक नेट मागायचं. पांढरंच घेऊन कोऱ्या चहात भिजवलं की वापरलेलं दिसतं.

बोटीच्या कडेला टांगायला टायर. मुंबईत नोकरीला होतो तेव्हा एका रविवारी पहाटे ससून डॉकला गेलो होतो. १८७५ सालचा तो धक्का, आणि तिथे बोटी एकमेकींना चिकटून उभ्या. अंगाला अंग घासू नये म्हणून प्रत्येकीच्या कडेला जुने टायर. गाडीचं ६० सेंटिमीटरचं टायर इथे साधारण ४ मिलिमीटरचं होतं. काळ्या केबलचं वरचं आवरण पोकळ काढून भाकरीच्या चतकोरासारखं नाही, तर काकडीच्या चकत्यांसारखं कापायचं. झाले टायर.

आणि गंज. यासाठी परदेशी रंगपावडर महाग पडते. मी वापरला गेरू. दिवाळीला अंगण सारवल्यावर लावतो तोच. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइडच, म्हणजे रंगाने नव्हे तर रसायनाने सुद्धा तो गंजाच्या कुळातला. मलमलीतून दोनदा चाळायचा आणि कोरड्या ब्रशने लावायचा. वरून मॅट वॉर्निश मारलं की निम्मा गायब होतो, म्हणून वॉर्निश आधी आणि गेरू शेवटी. हाताळायचं मॉडेल असेल तर गेरू थोडा जास्त लावून वरून अगदी हलकं वॉर्निश.

कोपऱ्यातली काजळी दाखवायला कॅम्लिनचा काळपट तपकिरी ऑइल कलर टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून सोडायचा. पण आधी बोटीवर ग्लॉस वॉर्निशचा थर हवाच. उघड्या प्लॅस्टिकवर टर्पेन्टाइन गेलं तर ताण असलेल्या जागी तडे जाऊ शकतात.

आणि मग आबा आले

तीन आठवड्यांनी ट्रॉलर झाला. गंज, डाग, मळ, सगळं एकदम झकास. इंटरनेटवर पाहिलेले सगळे प्रयोग मी त्या एका बोटीवर केले होते. कौतुकाच्या आशेने आबांसमोर ठेवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना जवळचं चष्म्याने बरं दिसतं. त्यांनी हातात घेतला, फिरवून पाहिला, खूप वेळ पाहिला आणि म्हणाले,

"हाई नाव पानीमा गयेल नही."

मी म्हटलं, आबा, एवढा गंज दिसत नाही का? ते म्हणाले, गंज दिसतो, काम दिसत नाही. आणि मग एकेक दाखवायला लागले. जाळं ज्या कडेवरून आत ओढतात ती कड तू कोरी ठेवलीस. जिथे कुणी जातच नाही तिथे रंग उडवलास. दरवाज्याच्या कडीजवळ मळ नाही. दोर गुंडाळून ठेवलाय, पण तो जिथून सुटायचा तिथून चार पावलं लांब. रात्री अंधारात हात घातला की दोर सापडला पाहिजे.

शेवटी म्हणाले, "जठे हात लागस, तठे रंग जास."

मंडळी, आबांनी ट्रॉलर आयुष्यात पाहिलेला नाही. समुद्रही एकदाच पाहिलाय. पण त्यांनी मला जे सांगितलं ते कुठल्याच ट्युटोरियलमध्ये इतकं सरळ ऐकलं नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर मी आउटपुट कॉपी करत होतो, लॉजिक समजून न घेता.

म्हणून मी परत बसलो आणि ट्रॉलर काम कसा करतो ते आधी समजून घेतलं. ट्रॉलचं जाळं पिशवीसारखं असतं. त्याचं तोंड उघडं ठेवायला दोन बाजूंना दोन जड फळ्या असतात. बोट पुढे गेली की पाण्याच्या दाबाने त्या फळ्या एकमेकींपासून दूर पळतात आणि जाळ्याचं तोंड फाकतं, पतंग वाऱ्यावर तिरका ओढला जातो तसं. प्रत्येक फळीला पोलादी दोर, आणि तो दोर कप्पीवरून डेकवरच्या विंचवर. आता विचार करा, झीज कुठे होणार? फळी खाली तळाला घासते, म्हणजे तिची खालची कड चकचकीत लोखंडी, तिथे गंजाला बसायला वेळच नाही. ती वर घेताना बोटीच्या अंगावर आपटते, तिथे खरचटे आणि पोचे. कप्पीची खोबण घासून उजळ. विंचभोवती ग्रीस, म्हणून तिथे गंज कमी आणि काळा मळ जास्त. डेकवर पाणी साचून ज्या भोकांतून बाहेर जातं, त्यांच्याखाली गंजाचे ओघळ, वरून खाली, सरळ.

म्हणजे झिजवताना प्रत्येक जागेला तीन प्रश्न विचारायचे. इथे हात किंवा पाय लागतो का? इथे लोखंड किंवा दोर घासतो का? इथून पाणी वाहतं का? तिन्हींचं उत्तर "नाही" असेल तर ब्रश खाली ठेवा. तो भाग नुसता उन्हाने विटलेला, बास.

एक गोष्ट वेळेचीही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. सातपाटी, वर्सोवा, कुठेही जा, त्या दिवसांत डागडुजी आणि रंगकाम चालतं. म्हणजे ऑगस्टमधली बोट नवरीसारखी आणि मे महिन्यातली थकलेली. तुम्ही मॉडेल कुठल्या महिन्यातलं बांधताय ते आधी ठरवा. मी ठरवलंच नव्हतं, म्हणून माझी बोट पुढून ऑगस्टची आणि मागून मे महिन्याची होती.

निम्मा रंग उतरवून परत केला. दहा दिवस गेले. या वेळी आबांनी पाहिलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि काहीच बोलले नाहीत. आमच्या घरात याला पास म्हणतात.

आता खरं काम

ट्रॉलर झाला, आता आबांची होडी. मी विचारलं, लांबी किती होती? म्हणाले, पंधरा हात. रुंदी? मधोमध तीन हात. मी फोनवर एक हात म्हणजे किती ते शोधायला लागलो. दीड फूट असं उत्तर आलं. मग डोक्यात आलं, होडी मोजली होती आबांच्या हाताने, तर माप इंटरनेटला कशाला विचारायचं? टेप आणली आणि त्यांचा हात कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजला. ४४ सेंटिमीटर. पंधरा हात म्हणजे ६६० सेंटिमीटर. १:२४ स्केल धरलं तर मॉडेल २७.५ सेंटिमीटर लांब आणि साडेपाच सेंटिमीटर रुंद. दीड फुटाने धरलं असतं तर लांबीत सेंटिमीटरभराची चूक झाली असती. आबा मोजताना हात अगदी सरळ, ताठ धरून बसले होते, शाळेत उंची मोजतात तसे.

सध्या पुठ्ठ्यावर चाललंय. प्लॅस्टिक शीट कापायच्या आधी बिस्किटांच्या खोक्यांचे साचे कापतो, टेपने जोडतो आणि आबांसमोर ठेवतो. पहिल्या वेळी म्हणाले, पुढे इतकी रुंद नव्हती. दुसऱ्या वेळी, तळ जास्त सपाट होता, उथळ पाण्यात टेकायला पाहिजे ना. तिसऱ्या वेळी काठ फार उंच. प्रत्येक वेळी काय बदललं ते तारीख टाकून वहीत लिहितो. आबांना विचारलेलं सगळं फोनवर रेकॉर्डही करतो, कारण कधीकधी आज सांगितलेलं परवा वेगळं असतं. अशा वेळी दोन्ही लिहून ठेवतो आणि वाद घालत नाही.

तुमच्या घरात अशी एखादी वस्तू असेल, बैलगाडी, मोट, जुनं दुकान, जिचा फोटो नाही पण आठवण आहे, तर आधी किट विकत घेऊ नका. आधी विचारा आणि मोजा. हात, वीत, पाऊल, ज्या मापात ते सांगतील त्याच मापात लिहा, आणि ते माप त्यांच्याच अंगावर मोजून घ्या. सिमेंट, रंग, शीट हे सगळं पुढच्या वर्षीही मिळेल.

चौथा साचा मागच्या रविवारी ठेवला. आबांनी खूप वेळ पाहिलं. काही चुकलंय असं म्हणाले नाहीत. मागच्या टोकापासून थोडं आत, डाव्या बाजूला बोट ठेवलं आणि म्हणाले, "मनी जागा आठे."

तिथे मी पेन्सिलने खूण केली आहे. होडी रंगवायची वेळ येईल तेव्हा त्या एका फळीवर रंग ठेवणार नाही.

चला, आजच्यासाठी इतकंच. प्रश्न असतील तर नक्की पाठवा, पुढच्या भागात घेऊ. आणि गेरू चाळताना तोंडाला रुमाल बांधा, मी बांधला नव्हता. भेटू!